उसिरु बिडि

निपाणीच्या सरकारी दवाखान्यात चटईवर उताणी झोपवून
रंजिता मॅडम म्हणाल्या, उसिरु बिडि.
मी म्हटलं, बिडी सोडून पन्नास दिवस झाले, मॅडम.
वळायची सोडून. ओढत नाही मी.
त्या हासनकडच्या. हसू आवरल्यावर
फुंकर घालून दाखवली:
श्वास सोड.

गुडघे वर. तळवे टेकलेले.
कंबर जमिनीला अशी लाव
की खालून मुंगी जाऊ नये.
आणि आता आतून आवळ –
इथं त्यांना मराठी सापडेना, मला कानडी.
त्या जागेचं नाव दोन्ही भाषांत होतं,
पण शिवीतच.

त्यांनी मूठ हळूच मिटली.
मग कळलं. पानाची सुरळी झाली
की नखानं तोंड आत दुमडतो,
तसं.
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु.
दिवसाला हजार वळणारी मी
पाचापर्यंत जाताना घामाघूम.

आता परत कारखाना.
मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा, दोऱ्याचं रीळ.
मांडीवरची पोर नणंदेकडे, जत्राट वेशीला;
तिला हा वास नको.
दुसऱ्या तासाला माकडहाड बोलायला लागतं,
दूध भरून येतं, पदर ओढून घेते.
पान वळते. आवळते. मोजते. सोडते.
मुकादमाला फक्त बिड्या दिसतात.

शेजारी बायाक्का. पाच बाळंतपणं,
पाचव्यानंतर तिसऱ्या दिवशी पाण्याला गेलेली.
जर्द्यानं शिंक आली की
दोन्ही गुडघे हातांनी गच्च धरते.
मला वाटायचं, सवय.

पंचमीच्या आसपास, डबा खाताना, कानाशी आली:
"तोंडातल्या तोंडात आकडं म्हंतीस ते कशाचं गं?
त्येनं... गळायचं थांबतंय व्हय?"
चाळीस वर्षं धुतलेली लुगडी होती त्या थांबण्यात.

मी सांगितलं. चटणी-भाकरी हातात धरून,
भिंतीकडे तोंड करून सांगितलं.
तिचं माहेर गोकाकचं. सगळं ऐकून घेतलं
आणि चूक काढली माझी:
"ऐदु न्हवं, ऐद. आमच्याकडं ऐद म्हंत्यात."

तेव्हापासून आम्ही दोघी ऐद म्हणतो.

आज बोनसच्या आठवड्यात
मुकादमानं तिच्या पन्नास बिड्या छाटल्या,
तोंड सैल म्हणून.
बायाक्का त्याच्या सात पिढ्या काढत बसली,
मोजायची राहिली.
मी कोपरानं ढोसलं.

"नाल्क," ती म्हणाली,
आणि शिंकली.

हात गुडघ्यांकडे निघाले होते.
सुपाच्या काठावर थांबले.