तीन नंबरचं पाणी

मंगळवारी सकाळी मी नाल्यावर जाते.
पिशवीत पट्ट्यांची डबी, एक वही,
खांद्यावर बाबांचा फावडा.
पट्टी बुडवायची, तीसपर्यंत मोजायचं,
डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची.
पहिल्या वर्षी ती लालच निघायची.
वहीत नुसतं तीन, तीन, तीन,
नापास पोराच्या प्रगतिपुस्तकासारखं.

बाबा तीन नंबरच्या खाणीत पंप खलाशी.
एकतीस वर्षं त्यांनी जमिनीखालचं पाणी वर ओढलं,
कोळशाला कोरडं ठेवलं.
रात्रपाळीत पंपाची घरघर घरापर्यंत यायची,
तिच्यावरच आम्ही झोपायचो.
खाण बंद झाली तेव्हा खटका त्यांनीच पाडला.
साहेबानं रजिस्टरवर सही घेतली,
आणि त्या रात्री वस्तीत कोणाला झोप लागली नाही.

सात वर्षं पाणी चढत राहिलं
अंधारात, रिकाम्या गॅलऱ्यांतून,
कुजलेल्या लाकडी टेकूंवरून,
गंधकाचे दगड चाटत.
मग एका उन्हाळ्यात झिबल टेकामच्या वावराखालून
फुटलं बाहेर, अगदी निवळशंख.
लोक म्हणाले, झरा लागला. नारळ फोडला.
हवा लागली तसं ते तांबूस झालं.
पोळ्यापर्यंत नाल्याचे गोटे गेरूत माखले,
झिंगे गेले, मुऱ्या गेल्या,
वच्छीबाईच्या लुगड्यावर डाग पडले ते पडलेच.

बंद चुनाभट्टीमागे दगडांचा ढीग होता.
रमजानचाचानं चार ट्रॅक्टर फुकट दिले.
"भाजला तर चुना, नाही भाजला तर दवा," म्हणाला.
चर खणला, चुनखडी भरली,
खालच्या खड्ड्यात पाणकणीस लावलं.
चौथ्या महिन्यात पट्टीवर पाच.
सहाव्यात परत तीन.

दगड फोडून पाहिला:
आत पांढरा, वर गंजाची साल,
पाणी तिच्यावरून नुसतं घसरत होतं.
"हालवा लागते त्यायले," बाबा म्हणाले.
"पंपाचंही तसंच. हात काढला का बसलं."

तेव्हापासून मंगळवार दगडांचा.
उलटायचे, एकमेकांवर घासायचे.
साल उडते, बोटांच्या भेगा चरचरतात,
बाबा काठावर बसून काठीनं दाखवतात:
तो राहिला. तो बी.

या मंगळवारी सहा आलं.
लिहिलं, खोडलं, नवी पट्टी बुडवली.
सहा.
तेवढ्यात झिबलची म्हैस उतरली,
पाण्यावर नाक धरलं, फुर्र केलं,
आणि वरच्या डबक्याकडे निघून गेली.
बाबा किती दिवसांनी हसले.
"तिची पट्टी येगळी हाये."

मी वहीत एक रकाना वाढवला.
तारीख. आकडा. म्हैस.