दांडा सैल धर

महापे, दुसरा मजला. तीन दिवस झाले.
इनपुट शॉर्ट केलं की पडद्यावरची हिरवी रेघ
ओहोटीच्या खाडीसारखी निपचित.
सिग्नल सोडला रे सोडला
की त्याच्या दोन्ही अंगांना गवत उगवतं.
गप्प असताना गप्प,
बोलायला लागलं की घसा बसलेला.

बोर्ड सोनोग्राफीच्या मशीनचा.
पोटावर प्रोब टेकतो, आवाज आत जातो.
कातडीखालून लगेच परततो तो खणखणीत,
खोलातून येतो तो उशिरा, अर्धमेला.
म्हणून जितका उशीर तितका गेन वाढवत न्यायचा,
मायक्रोसेकंदागणिक, घाट चढल्यासारखा.
दमून आलेल्याला जवळ बसवायचं,
म्हणायचं, काय म्हणालास, पुन्हा सांग.
आणि कान जवळ नेला
की कानातलं घोंघावणंही मोठं होतं, त्याला इलाज नाही.

चेरियनसाहेब म्हणतात,
पहिल्या टप्प्यात जी घाण शिरली
ती पुढचे सगळे टप्पे इमानदारीनं वाढवतात.
म्हणून पहिल्याच दारात बसलेला
हजार ओहमचा रेझिस्टर काढला, पन्नासचा लावला.
(रेझिस्टर काही करत नाही. नुसता उबेला बसून
कुजबुजत राहतो, दुपारच्या ओट्यासारखा.)
ट्यूबलाइट बंद केली. मोबाइल ड्रॉवरमध्ये.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा बोर्डावर उपडा घातला,
त्याला अर्थिंगची तार.
शेजारच्या बेंचवरचा इरफान म्हणाला, आता नारळ फोड.

गवत तसंच.

मी नऊ वर्षांची असेन. दिवाळ्याच्या बंदरातून
बाबानं एकदा रात्री होडीत घेतलं होतं.
मध्यावर इंजिन बंद केलं, वल्हं उभं पाण्यात सोडलं
आणि दांड्याला कान लावला.
घोळ बोलते म्हणाला. थवा असला की
बेडकासारखी खर्र खर्र येते लाकडातून वर.
'आदी आपण गप रवाचं, मंग मासा बोलतं.'
मी कान लावला. नुसती गुरगुर.
सांगितलं तर म्हणाला,
'ती घोळ नाय बाय. तुजाच हात बोलतंय.
दांडा सैल धर.'

ही आठवण येऊन मी उठले, असं काही नाही.
आठवण आली ती साडेचारच्या चहाला,
आणि मी आधी एक खारी खाल्ली.
मग प्रोब नेला तो सिग्नलच्या वाटेवर नाही,
गेन किती ते ठरवणाऱ्या तारेवर.
बटणापासून चिपपर्यंत वीतभर तार,
पॉवर सप्लायच्या कुशीतून गेलेली.
तिच्यावर बारीक थरथर.
ऐकणारा शुद्धीत होता.
किती ऐकायचं ते ठरवणारा कापत होता,
आणि त्याचं कापणं आम्ही तीन दिवस
येणाऱ्या आवाजाच्या माथी मारत होतो.

तार तोडली. आखूड केली. वाट बदलली.
चिपच्या पायाशी एक रेझिस्टर, एक कपॅसिटर.
कपॅसिटर मोठा घेतला तर हात अगदी शांत,
पण मग घाट वेळेवर चढत नाही,
खोलातला येऊन निघून जातो.
लहान घेतला तर गवत परत.
सात वाजेपर्यंत बदलत बसले.
शेवटी जो ठेवला तो दोघांनाही थोडा नापसंत.
साहेबांनी पडदा पाहिला, चष्मा पुसला,
म्हणाले, चालेल.
त्यांचं 'चालेल' आमच्याकडे पेढ्याच्या ठिकाणी असतं.

घरी बाबा पडवीत.
आता तो होडीवर जात नाही. बशी धरली
की चहा काठावर येतो, म्हणून कप, आणि दोन्ही हातांनी.
मी सांगितलं सगळं. तार, थरथर, डबा.
त्यानं ऐकलं, मान डोलवली,
मग विचारलं, 'मंग त्यात मासा कोनता?'

मुतखडा, मी म्हटलं.

खूप वेळ हसला. कप हिंदकळला.
मी हात पुढे केला नाही.