दोन्ही डावे

इलोइलोत पहाटेचे तीन वाजून दहा.
त्याच्याकडे अजून कालची दुपार, तीन-चाळीस.
साडेअकरा तासांचं अंतर.
त्यातला तो अर्धा तास मला नेहमी खटकतो,
जसा कुणी मोजताना हातातून सांडला असावा.

पडद्यावर माझं नाव एमी.
घरी मी आनालिन सुमागायसाय,
पण ते चौकटीत मावत नाही.

तो लिहितो: बूट आले. दोन्ही डावे.

मी आधी माफी मागते.
माफी तयारच असते, सतरा नंबरचं बटण;
दाबलं की तीन ओळी उमटतात:
प्रिय अँब्रोज पेली,
तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो...
मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही,
फ्रीजमधला सोडून.

फोटो पाठवा, म्हणते. नियम आहे.
तो पाठवतो:
लाकडी पायरीवर एकाच बाजूला वळलेले दोन बूट,
जणू कुणी एकच पाऊल
दोनदा टाकायला निघालंय.
कडेला कुत्र्याची अर्धी शेपटी.

मग सावकाश, एका बोटाने टाइप करत असावा:
परत कसे पाठवू? आमचं बेट आहे.
खाडी गोठलीय, फेरी बंद.
मी कळवते, परतीची मुदत चौदा दिवस.
बरं, तो म्हणतो, खाडीला सांगून बघतो.

मला हसू आलं.
हसण्याला बटण नाही.

एका गिऱ्हाइकाला सात मिनिटं.
कोपऱ्यातला आकडा पिवळा झाला, मग लाल.
मी तोच बूट शोधत राहिले,
तेच माप, तोच आठवडा,
आणि सापडली:
सस्कॅचेवानची कुणी डोरीन वासिल्किव.
तक्रार: दोन्ही उजवे.
निकाल: पैसे परत. बूट ठेवा किंवा टाकून द्या.
फाइल बंद.

म्हणजे कुठल्याशा गोदामात
दोन खोकी भरता भरता
कुणाला तरी जांभई आली.
चूक एकच, तिला गावं दोन मिळाली.

एकाचा पत्ता दुसऱ्याला द्यायचा नाही.
हा नियम मला पटतो.
माझ्या बहिणीचा पत्ता एकदा कुणीतरी
असाच दिला होता.
म्हणून मी पत्ता दिला नाही,
बंद फाइल उघडली. त्याचे गुण कापतात.
तिला स्वतःच्या शब्दांत लिहिलं,
खोडलं, परत लिहिलं:
बाई, ते बूट अजून आहेत का?
आमच्या गोदामाकडे एक धाडाल?
पुढे कुणाचा तरी पाय वाट बघतोय.

शेजारून रेनांते ओरडला, आनालिन, सहा जण रांगेत!
डावं-उजवं करायचं नाही,
सगळी गिऱ्हाइकं सारखी, हे त्याचं नेहमीचं.
मला म्हणायचं होतं, अरे, इथे
डावं-उजवं न केल्यानेच तर घोळ झालाय.

चौथ्या रात्री उत्तर आलं.
एका बुटात मी माती भरली, तिने लिहिलं,
खिडकीत आहे, कांद्याची पात उगवलीय.
दुसरा कोराच आहे. पाठवते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं.
पार्सल निघालं. पार्सल थांबलं.
पार्सल बंदरात, बर्फ सुटायची वाट बघत,
अकरा दिवस तीच ओळ.
मग एका पहाटे: पोहोचलं.

बरोबर आपोआप जाणारा प्रश्नही गेला,
आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

अँब्रोज पेलीने तीन दिले.
चाराच्या खाली आले की प्रशिक्षणाला बसावं लागतं,
विषय: सहानुभूती.
सोमवारी आहे, शिफ्ट संपल्यावर, दोन तास.

रेनांते म्हणाला, एवढं करून तीनच?
मी काही बोलले नाही.
मला वाटतं,
त्याने बूट मोजले असावेत.