खोकला

दुसऱ्या कडव्याच्या अगदी आधी
एक खोकला ऐकू येतो. तो माझा.

बाल्टिमोर, डेल्फीनच्या मावशीचं तळघर,
भिंतींना टेकवलेल्या गाद्या,
वर मावशी मासे तळत होती
आणि धूर जिन्यावरून खाली उतरत होता.

पुसून टाकू या, मी म्हणालो.
राहू दे, डेल्फीन म्हणाली,
एवढं एकच खरंय यात.
बाकी सगळं त्या माणसाबद्दल होतं
जो थांबतो म्हणाला होता.

आता पहिलंच गाणं पहिल्या नंबरावर.
न्हाव्याच्या दुकानात,
लाल सिग्नलला शेजारच्या गाडीत.
काल एक शाळकरी पोरगी
फुटपाथवर दोरीच्या उड्या मारत गात होती.
बरोबर समेवर
थांबली, खोकली,
मग पुढचा शब्द उचलला.

डेल्फीन हल्ली विमानात असते.
गाद्या परत पलंगांवर गेल्या,
तिचा वास मात्र मावशीला जाऊ द्यायचा नाहीये,
धुवायला काढतच नाही.

मी बेस गिटार पाठीला लावून
बस स्टॉपवर उभा. घसा ठणठणीत.
गर्दीत कुणी खोकलं
की वळून बघतो,
कुणी ओळखलं की काय.