खात्री नाही

डिचोलीत वीज सहाला आली.
सतरा सीड्या, कव्हरांत खाणीची तांबडी धूळ.
लुंगीच्या टोकाने पुसल्या, मधून काठाकडे, सरळ;
गोल पुसायच्या नाहीत, हे रोहिदासने बजावलेलं.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट.
वाटेत ईमेल मागितला, नको ते दोन प्रोग्रॅम चिकटवले,
चार मिनिटांत सीडी गिळून म्हणालं: झालं.
पाचव्या अभंगात ओरखडा होता तिथे
त्यानं गुळगुळीत शांतता भरलेली.
आबा तिथे खोकतात. मला माहीत आहे.

दुसरंही फुकट, शिवाय मुक्त.
दिसायला मामलेदार कचेरीतला फॉर्म.
सेटिंग्ज लावेपर्यंत चहावर साय आली.
ते एकेक तुकडा दोनदा वाचतं,
जुळेना तर पुन्हा,
ड्राइव्ह कण्हतो, अडतो,
सप्त्यात पहिल्यांदा पखवाजाला बसलेला पोर
समेला घाबरतो तसा.

तासाभरानं एक ओळ:
ट्रॅक पाच, तीन सेकंद, खात्री नाही.

हेच ठेवलं.

रात्री अकरा. सात झाल्या, दहा उरल्या.
गायकाचं नाव? तो विचारतो दर वेळी.
आधी ‘आबा’ लिहायचो.
आता पूर्ण लिहितो, सोनू बाबुसो मांद्रेकर,
आणि खालून खनिजाचा ट्रक जातो तेव्हा
टेबल हाताने धरून ठेवतो.