बांधीतलं जहाज

फोटो नाही.
गँगवेच्या तोंडाशी टेबल होतं,
फोन तिथं ठेवायचा, बिल्ला गळ्यात घालायचा,
मग वर.
हे सांगून दोन दिवस झाले,
तरी पानठेल्यावर तेच :
"एवढा सलाल्याहून आला, न् फोटो नाही म्हणते गा."

म्हणून आज फक्कीचं पोतं घेऊन
धान कापलेल्या बांध्यांत उतरलो.
कबड्डीचं मैदान आखणारे पोट्टे सोबतीला,
टेप नाही, म्हणून पावलं.
एकशे बत्तीस मीटर.
टोक ठेवलं मोहाच्या झाडापाशी,
तिथून मागं मागं,
आमच्या तीन बांध्या संपल्या, चौथी संपली,
जहाज धुरा ओलांडून
आसाराम लांजेवाराच्या लाखोरीत शिरलं.
आसाराम तिथंच उभा.
"शेपूट इकडं आणू नोको. माही लाखोरी उगवून रायली."
तेव्हा शेवटचे वीस मीटर
नुसत्या बोटानं दाखवले.

पोट्टे आत धावले.
"तोफ कुठी?"
माहीत नाही.
"कप्तान कुठी बसते?"
वर कुठंतरी.
"मंग तू कुठी होता?"
मी पोटाजवळ, डाव्या अंगाला
एक चौकोन आखला, आपल्या न्हाणीएवढा.
इथं. दुधा-मटणाची थंड खोली.
तिचा कॉम्प्रेसर बसला होता.
पवनीच्या बर्फाच्या कारखान्यात शिकलो
तेच तिथं केलं : कान लावला,
गॅस कुठून सुटतो ते साबणाच्या फेसानं पाहिलं.
चार तास. मागं एक पोरगेला शिपाई,
पाना मागितला की देणारा,
मुतायला गेलो तरी दाराशी उभा.
बाकीचं जहाज मलाही
तुमच्यासारखंच, ऐकून.

पोट्ट्यांना हे पटलं नाही.
त्यांनी तोफेच्या जागी मोटारीचा पाइप रोवला,
कप्तानाला उलटं घमेलं दिलं.

त्या शिपायानं एकदा विचारलं होतं,
तुझ्या गावाहून समुद्र किती लांब?
मी म्हटलं, आगगाडीनं अख्खी रात्र, वर अर्धा दिवस.
तो म्हणाला, आमच्याकडूनही तेवढाच. मका पिकतो.
मग दोघं तसेच उभे राहिलो त्या थंडीत,
तोंडातून वाफ निघत,
आणि खाली पाणी आहे
हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

सगळ्यात शेवटी झिबल बावने आला.
उभा जन्म वैनगंगेत डोंगा घातलेला माणूस.
पूल झाला तेव्हापासून डोंगा अंगणात पालथा,
त्यावर वड्या वाळतात.
तो रेषेच्या आत आलाच नाही.
बाहेरून चालला, पूर्ण फेरा, चपला हातात घेऊन.
लाखोरीतूनही गेला,
आसाराम त्याला काही बोलला नाही.
परत आला न् म्हणाला,
"हे झालं लंबं. हे झालं रुंद.
पाणी कुठपर्यंत?"

दोन दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं.

मला आठवलं. चढायच्या आधी, धक्क्यावरून :
करड्या पत्र्यावर पांढरे आकडे, एकाखाली एक,
सात, सहा,
आणि पाचाचं पोट पाण्यात.
आपल्या पुलाच्या खांबावर
पाटबंधारेवाल्यांनी काढले, अगदी तसेच.

झिबलकाका हसला.
"म्हंजे त्याईलेही भेव हाय."

"पाच मीटर म्हंजे किती?"
तीन पुरुष, काका. थोडं कमीच.
तो मोहाच्या बुंध्याशी गेला
आणि मान मागं टाकून वर पाहू लागला,
जिथं पाणी असेल तिथं.
आम्हीही पाहिलं.
दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात
एक हिरवी चिंधी अजून अडकलेली,
कुणाच्या तरी लुगड्याची, पुराच्या सालची.

"भादव्यात आणाले पायजे होतं," काका म्हणाला,
"आलं असतं."

आणि धुऱ्यावरून आसाराम, कोणी न विचारता :
"तवा धुराही नव्हता दिसत."