पावती

हद्दीचा दगड अजून आहे नवापूरच्या पुढं,
बकऱ्या चढतात त्यावर.
पलीकडं बडोद्याच्या महाराजांचा मुलूख होता.
पोर शाळेत नाही, तर बापाला दंड.

नुऱ्या गामीतनं भरला. दोन आणे.
महाराजांना शिव्या घातल्या, अंगठा दिला,
आणि सिंगीला हाताला धरून
शाळेच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

चार इयत्ता झाल्या. लग्न होऊन ती इकडं आली, खानदेशात.
इथं दंड नव्हता.
तिची अक्षरं गुजराती, उघड्या डोक्याची.
तिनं एकेकाच्या माथ्यावर रेघ ओढली;
क, ज, झ तेवढे नव्यानं गिरवले.
मग लाकडाच्या डेपोत
ती परवाना मोठ्यानं वाचायची,
आणि नाकेदार
पुन्हा मोजायचा ओंडके.

पावती तिच्या नातवानं दाखवली,
डाळीच्या डब्यातून काढून.
मी शाळाबाह्य मुलांची यादी करत होतो.
शेजारची सात दारं बंद.
ऊसतोडीला गेलेत, म्हणाला, बारडोलीकडं,
पोरांसकट.
त्याच दगडावरून.

मी लिहिलं : स्थलांतरित.
सात वेळा.
माझ्या फॉर्मवर
दंडाचा रकाना नाही.
असता, तर नाव कुणाचं घालायचं
हे नातवाला विचारलं नाही.
डबा त्यानं परत फळीवर ठेवला.